बचावाचा गुरू नेमताना

व्यावसायिक कबड्डीचा हंगाम संपला, की संघमालकांच्या कार्यालयांत दोन याद्यांवर काम सुरू होते. पहिली यादी खेळाडूंची. तिचा निकाल लिलावात, कॅमेऱ्यांसमोर, हातोडीच्या ठोक्यावर लागतो आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत आकड्यांसकट छापून येतो. २०१८ मध्ये इराणचा डावा कोपरारक्षक फझल अत्राचली याच्यासाठी यू मुम्बाने १ कोटी रुपये मोजले. २०२३ मध्ये त्याचाच देशबांधव मोहम्मदरेझा शादलू याच्यासाठी पुणेरी पलटणने २ कोटी ३५ लाख. या दोघांचीही ख्याती चढाईसाठी नाही, पकडीसाठी आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी. दुसरी यादी प्रशिक्षकांची. तिचा निकाल बंद दाराआड लागतो आणि चार ओळींच्या प्रसिद्धिपत्रकातून आपल्याला कळतो. सात जणांचा बचाव कोणाच्या हाती सोपवला, का सोपवला, त्याने नेमके काय शिकवावे अशी अपेक्षा आहे, याविषयी त्या चार ओळींत अवाक्षर नसते. आमचे म्हणणे या दुसऱ्या यादीविषयी आहे.

साहित्यचर्चेच्या पानावर हा विषय कशासाठी, असे सुज्ञ वाचक विचारतील. बचाव प्रशिक्षकाची नेमणूक ही मुळात भाषेच्या शिक्षकाची नेमणूक असते, असे आमचे मत आहे, आणि ज्यांनी आयुष्याची वीस वर्षे भाषा शिकवण्यात घालवली त्यांना या बाबतीत दोन शब्द बोलण्याचा अधिकार असावा.

मराठी माणसाने कबड्डीचे वर्णन करताना अभिमन्यूला वेठीस धरण्याची प्रथा जुनी आहे. एकटा वीर, समोर सात जण, व्यूहात शिरण्याची विद्या अवगत, परतण्याची मात्र शाश्वती नाही. रूपक चपखल आहे, यात शंका नाही. पण त्याने आपल्या दृष्टीला एक कायमचा बाक आणून ठेवला आहे. आपली सहानुभूती, आपला टाळ्यांचा गजर, आपले छायाचित्र हे सारे आत शिरणाऱ्याच्या वाट्याला जाते. व्यूह कोणी रचला, त्यातील प्रत्येकाला आपली जागा कोणी समजावून दिली, एक जण हलला की दुसऱ्याने किती हलायचे हे कोणी ठरवले, हे प्रश्न आपण विचारतच नाही. द्रोणाचार्यांना आपण एकलव्याच्या अंगठ्यासाठी लक्षात ठेवले, चक्रव्यूहासाठी नव्हे. (एकलव्याच्या बाबतीत त्यांना लक्षात ठेवले तेही योग्यच झाले, हे येथे नोंदवून ठेवतो.) साहित्यव्यवहारातही असेच घडते. कवीचे नाव होते आणि त्याच्या संहितेवर महिनोन्‌महिने बसलेला संपादक ऋणनिर्देशाच्या एका ओळीत मावतो.

चढाईपटूला तीस सेकंद मिळतात. त्या तीस सेकंदांत तो जे काही करतो ते एकट्याचे असते. चूक झाली तर तो एकटा बाद होतो. बचावाचे गणित वेगळे आहे. उजव्या कोपऱ्यातल्याने घोट्यावर झेप घेतली आणि मधल्या रक्षकाने त्याला साथ दिली नाही, तर चढाईपटू पाय ओढत, सरपटत का होईना मध्यरेषा गाठतो, आणि झटापटीत ज्यांनी ज्यांनी त्याला स्पर्श केला ते सारे मैदानाबाहेर जातात. एकाच्या उतावीळपणाची किंमत तिघे मोजतात. म्हणून चांगल्या बचावात प्रत्येक हालचाल हे एक विधान असते आणि शेजाऱ्याची हालचाल हे त्याचे उत्तर. साखळीत हात धरलेले दोघे जण बोटांच्या दाबातून एकमेकांना सांगतात की आता जायचे, किंवा थांबायचे. कोपरारक्षकाने टाच किंचित उचलली की पलीकडच्या कोपऱ्याला समजते, की चढाईपटूला बोनस रेषेकडे मुद्दाम बोलावले जात आहे. मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक उरले असताना पकड झाली तर तिला एक गुण जादा मिळतो. हा नियम म्हणजे, आमच्या दृष्टीने, मोजक्या शब्दांत नेमके बोलणाऱ्याला दिलेले बक्षीस आहे.

ही भाषा उपजत नसते. ती शिकवावी लागते, आणि शिकवणाऱ्याला आधी स्वतःला ती शब्दांत मांडता यावी लागते. उत्तम पकड करणारा प्रत्येक जण उत्तम बचाव प्रशिक्षक होत नाही, याचे कारण हेच. आपल्याकडेही उत्तम कविता लिहिणारे कितीतरी जण वर्गात कविता शिकवताना अडखळतात.

आता वादाच्या मुद्द्याकडे येतो. मुंबईच्या संघाने २०१८ मध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून इराणच्या गोलामरेझा माझंदारानी यांना आणले. पुढच्या हंगामात ते तेलुगु टायटन्सकडे होते. २०२३ मध्ये ते पुन्हा मुंबईकडे आले. इराणी कबड्डीची ओळखच मुळी तिच्या बचावाने झालेली असल्यामुळे, हा माणूस आणण्यामागे मालकांच्या मनात काय असावे हे उघड आहे. ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कबड्डीप्रेमींत या नेमणुकीवर एक नाराजी सतत ऐकू येते: ज्या मुलखात या खेळाचे नियम बांधले गेले, जेथे शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांनी त्याच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले, जेथे त्यांचा जन्मदिन १५ जुलै हा कबड्डी दिन म्हणून पाळला जातो, तेथे पकड शिकवायला तेहरानहून माणूस आणावा लागावा?

आम्हांला ही नाराजी समजते. पटत मात्र नाही. ज्या वर्षी माझंदारानी मुंबईस आले त्याच वर्षी ऑगस्टमध्ये जकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांच्या इराणी संघाने उपान्त्य सामन्यात भारताचा २७–१८ असा पराभव केला होता. १९९० मध्ये बीजिंगला कबड्डीचा आशियाई स्पर्धेत समावेश झाल्यापासून २०१४ पर्यंत सातही सुवर्णपदके भारतीय पुरुषांनी जिंकली होती. ती मालिका त्या दिवशी तुटली. भारताला चाळीस मिनिटांत अवघे १८ गुण घेऊ देणाऱ्या बचावाचा गुरू एखाद्या व्यावसायिक संघाला हवासा वाटला, तर त्यात अस्मितेला दुखावण्यासारखे काही नाही. विद्या कोणत्या गावची आहे यापेक्षा ती पक्की आहे की नाही हे पाहावे, हे तर आपण संशोधनाच्या पहिल्या तासाला सांगतो.

आणि अस्मितेचाच प्रश्न असेल, तर त्या स्पर्धेतील दुसरी घटना अधिक बोचणारी आहे. पुरुषांच्या पराभवानंतर दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्ट २०१८ रोजी, महिलांच्या अंतिम सामन्यात इराणने भारताला २७–२४ असे हरवले. इराणच्या त्या संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुली घडवलेली ही प्रशिक्षिका. भारतीय संघाची जबाबदारी आपल्याकडे कधी आली नाही, ही खंत त्यांनी बोलून दाखवली आहे. इराणने बोलावले तेव्हा त्या गेल्या. तेथे गेल्यावर त्यांनी केलेली एक गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते: त्या फारसी शिकल्या. मुलींशी दुभाष्यामार्फत बोलून काम भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. योगासने आणि प्राणायाम त्यांनी सरावात आणला, हे वर्तमानपत्रांना अधिक आकर्षक वाटले आणि त्याचे मथळेही झाले. पण साठीच्या आसपासच्या एका शिक्षिकेने आपल्या विद्यार्थिनींसाठी परकी भाषा शिकायला घ्यावी, यात शिक्षकी पेशाविषयी जे आहे ते शंभर प्राणायामांत नाही.

त्या केवळ बचावाच्या प्रशिक्षक नव्हत्या, हे मान्य. परंतु चढाईपटूला एकदा खूण करून पाठवता येते. बचावाची दुरुस्ती दुभाष्यातून होत नाही. ‘तू अर्धे पाऊल आधी निघालीस’ हे वाक्य दोन माणसांतून फिरून पोहोचेपर्यंत त्या अर्ध्या पावलाची आठवण पायातून निघून गेलेली असते. आम्हांला वाटते, त्या तीन गुणांच्या विजयात फारसीच्या धड्यांचा वाटा मोजता आला नाही तरी नाकारता येणार नाही. पराभूत संघात महाराष्ट्राची सोनाली शिंगटे होती, आणि विजयी संघाच्या बाकावर महाराष्ट्राच्याच शैलजाताई.

व्यावसायिक संघांत हा प्रश्न आणखी बिकट होतो, कारण तेथे एकाच बचावात चार मातृभाषा असतात. २०१८ मधील मुंबईच्या संघात कर्णधार अत्राचली फारसीभाषक, तर चाळिशी ओलांडलेला धर्मराज चेरलातन तमिळ. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून विजेतेपद मिळवणाऱ्या पुणेरी पलटणचा बचाव पाहा. शादलू इराणचा, गौरव खत्री हरियाणाचा, अबिनेश नादराजन तमिळनाडूचा, संकेत सावंत महाराष्ट्राचा, प्रशिक्षक बी. सी. रमेश कर्नाटकाचे. त्या हंगामात शादलूने पकडींचे ९९ गुण मिळवले. आकडा त्याच्या नावावर आहे, पण त्याने चढाईपटूचा पाय धरला त्या क्षणी अंगावर कोसळायला जे दोघे वेळेवर आले, त्यांना त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला त्यांची. तरीही ते आले. ते कसे आले, हे शिकवणाऱ्याला विचारले पाहिजे. क्रीडापत्रकार ते विचारत नाहीत. ते ‘दबाव होता का’ असे विचारतात.

या बहुभाषिक गोतावळ्यात कामापुरती हिंदी रुळली आहे. अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीत प्रशिक्षक काय बोलतात ते प्रक्षेपणात ऐकू येते, आणि ती हिंदी बहुतेक वेळा हरियाणवी वळणाची असते. आमचा तिच्यावर राग नाही. मात्र तिच्यासोबत इंग्रजीतून आलेले टॅकल, कव्हर, अँकल होल्ड, डॅश, ब्लॉक हे शब्द इतके पक्के बसले आहेत की डोंबिवलीच्या मैदानावरचा दहा वर्षांचा मुलगाही आता तेच बोलतो. शब्द बदलल्याने खेळ बुडत नाही. पण मराठीत या खेळाने जी शब्दसंपदा घडवली होती तिच्यात बचावाचा विचार साठवलेला होता. ‘पट काढणे’ हा प्रयोग कुस्तीकडून आलेला. तो उच्चारताच पकड पायावरची आहे, जोर खालून वर लावायचा आहे आणि खांदा आत घालायचा आहे, हे सारे एकदम कळते. ‘निदान रेषा’ या नावात चढाईपटूने किमान कोठवर यायलाच हवे याची व्याख्याच सामावली आहे. ‘लोण’ तर खेळांतून थेट व्यवहारात उतरला. आज चळवळीचे लोण पसरते असे लिहिणाऱ्या किती जणांना तो आट्यापाट्यांतला आणि कबड्डीतला शब्द आठवतो कोण जाणे. एकनाथांना हुतुतू आणि हमामा यांवर भारुडे रचावीशी वाटली, ती या खेळांपाशी सांगण्याजोगी भाषा होती म्हणूनच.

ही भाषा अजून ज्यांच्या तोंडी आहे ती माणसे आमच्या परिसरात आहेत. ठाण्याच्या मंडळांतून, कल्याणच्या सुभाष मैदानाच्या आसपास, डोंबिवलीभोवतीच्या सत्तावीस गावांत (जी महापालिकेत आहेत की नाहीत हा वाद एका स्वतंत्र कादंबरीचा ऐवज आहे) संध्याकाळी मुलांना पकड शिकवणारे पन्नाशी-साठीचे गृहस्थ आढळतात. कोणी रेल्वेत होता, कोणी पोलिसांत, कोणी बँकेत. खेळाडू म्हणून नोकरी लागली, खेळणे सुटले, शिकवणे सुटले नाही. मानधन नाही, मिळालाच तर नारळ आणि शाल. त्यांच्या आगरी बोलीतील दटावणीत बचावाची जी बारीक समज असते ती आम्ही आमच्या वर्गात बसणाऱ्या खेळाडू विद्यार्थ्यांकडून ऐकली आहे. चढाईपटूच्या पायाकडे बघू नको, कमरेकडे बघ, कारण पाय खोटे बोलतात, ही त्यांच्यातील एकाची शिकवण. शैलीशास्त्राच्या तासाला आम्ही ती उदाहरण म्हणून वापरतो. याच ठाणे जिल्ह्यातून गिरीश इरनाकसारखा डावा कोपरारक्षक घडला. जकार्ताला गेलेल्या भारतीय संघात तो होता. म्हणजे या मातीतला पकड करणारा व्यावसायिक संघाला चालतो. त्याला पकड शिकवणारी परंपरा मात्र नेमणुकीच्या यादीत येत नाही.

का येत नाही? पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका नाही, हे एक कारण सांगतात. संगणकावर चित्रफितींचे विश्लेषण करता येत नाही, हे दुसरे. मातीवर शिकवले, मॅटची सवय नाही, हे तिसरे, आणि ते खरेही आहे. मॅटवर पायाची पकड वेगळी बसते आणि घसरण्याचा हिशेब बदलतो. पण ही तिन्ही कारणे एका हंगामात भरून निघण्यासारखी आहेत. चौथे कारण आमच्या मते खरे, आणि त्याचा दोष आपल्याकडे येतो: या माणसांचे ज्ञान लिहिलेले नाही. चढाईपटूंची चरित्रे येतात, गौरवग्रंथ येतात, त्यांत जिद्द असते, गरिबी असते, आईचे पाणावलेले डोळे असतात. कोपरा कसा उभा करावा यावर वीस पानांचा मराठी निबंध शोधून पाहावा. ज्या समाजाने लावणीच्या अदाकारीवर आणि कुस्तीच्या डावांवर लिहिले त्याने पकडीच्या व्याकरणावर इतके कमी लिहावे, याची जबाबदारी मराठीच्या प्राध्यापकांवर नाही तर कोणावर?

नेमणुकीच्या मुदतीविषयीही बोलले पाहिजे, कारण तो अनुभव आमच्या हाडांत आहे. आमच्यापैकी काहींनी तासिका तत्त्वावर अनेक वर्षे काढली. जूनमध्ये मुलाखत, मार्चमध्ये निरोप, पुन्हा जूनमध्ये तीच मुलाखत, त्याच समितीपुढे, तेच प्रमाणपत्र पुन्हा साक्षांकित करून. अशा शिक्षकाला पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याची तिसऱ्या वर्षी काय प्रगती झाली हे पाहायला मिळत नाही. तो परीक्षेपुरते शिकवतो, कारण त्याला परीक्षेपुरतेच नेमलेले असते. व्यावसायिक संघ आपल्या प्रशिक्षकांना बहुधा असेच वागवतात. हंगाम वाईट गेला की माणूस बदलला. चढाईपटू एका हंगामात उगवतो. २०१८ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातला सिद्धार्थ देसाई मुंबईकडून तसा उगवला, आणि पुढच्या लिलावात १ कोटी ४५ लाखांना तेलुगु टायटन्सने त्याला नेले. बचाव मात्र उगवत नाही, तो मुरतो. कोपरा आणि मध्यरक्षक यांची जोडी जमायला दोन-तीन हंगाम लागतात, आणि लिलावाच्या चक्रात ती जोडी तेवढी टिकत नाही. अशा वेळी टिकून राहू शकेल असा एकमेव दुवा म्हणजे शिकवणारा; आणि नेमका तोच सर्वांत आधी बदलला जातो.

म्हणून मुंबईच्या, पुण्याच्या संघांनी बचावासाठी स्वतंत्र प्रशिक्षक नेमावा, तो किमान तीन हंगामांसाठी नेमावा, असे आम्हांला वाटते. तो इराणचा असला तरी आमची हरकत नाही. त्याच्या हाताखाली ठाणे, कल्याण, उरण, चिपळूण अशा पट्ट्यातला एक मैदानी शिक्षक असावा, नाममात्र सल्लागार म्हणून नव्हे, पगारी म्हणून. आणि दोघांच्या संवादाची रोज टिपणे काढणारा एक पदवीधर असावा. असे पदवीधर आमच्याकडे दरवर्षी तयार होतात आणि खासगी शिकवण्यांत नाहीसे होतात. पुरुषांच्या संघाचा बचाव एखाद्या स्त्रीकडे सोपवायला काय हरकत आहे, हेही मालकांनी स्वतःला विचारावे. नाशिकला जाऊन आल्यास उत्तर लवकर मिळेल.

मुलाखत कशी घ्यावी, हे आम्ही सुचवतो, कारण आमच्या क्षेत्रात अजून टिकून असलेला एक उपयुक्त प्रकार आहे: समितीसमोरचा नमुना पाठ. उमेदवाराला त्याने जिंकलेले चषक विचारू नयेत. त्याला मॅटवर न्यावे. सात खेळाडू उभे करावेत, त्यांतील दोघांना हिंदी येत नसावी. एक चढाईपटू आत सोडावा, पकड फसू द्यावी, आणि मग उमेदवाराला अर्धे मिनिट द्यावे. त्या अर्ध्या मिनिटात तो कोणाकडे पाहून बोलतो, किती शब्द वापरतो, हाताने काय दाखवतो, आणि दुसऱ्या चढाईला ते सात जण कसे उभे राहतात, एवढे समितीने टिपून घ्यावे.